लाँचवरचा लिफ्टवाला

२ मार्च

ही डायरी मला ऑफिसनं निरोपाच्या वेळी दिली. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला डायरी का देतात, ते मला कळलेलं नाही. वर जाणं आणि खाली येणं याखेरीज माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलेलं नाही. तीन महिने ती पलंगाखाली पडून होती. मी पलंगावर होतो. आजपासून मात्र लिहिणार आहे, आणि फक्त इंजिनाच्या कामाबद्दल. घरच्या कुरबुरींना इथे जागा नाही.

झालं असं. दादाची लाँच नदीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेते. आज नदीखात्याचं पत्र आलं. लाँचचं इंजिन काळा धूर ओकतं, दहा एप्रिलला तपासणी होईल, तेव्हाही हीच तऱ्हा असेल तर परवाना रद्द. दादानं पत्र वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि जेवायला बसला. वाढता वाढता वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमचा हात एवढा विजेच्या कामात बसलेला. तुम्हाला काही सुचतंय का बघा की."

"त्याला कशाला त्रास?" दादा म्हणाला. वहिनीनं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यानं पुढचा घास न चावताच गिळला.

मला सुचलं. भात संपायच्या आत सुचलं.

४ मार्च

दादाला समजावून सांगितलं. डिझेलच्या पंपात एक दांडी असते. ती पुढे सरकली की इंजिनाला डिझेल जास्त, मागे आली की कमी. सध्या ही दांडी हलवतो गव्हर्नर, म्हणजे दोन लोखंडी वजनं आणि एक स्प्रिंग. इंजिनावर भार आला की तो घाबरतो आणि दांडी एकदम पुढे रेटतो. एवढं डिझेल जळायला हवा पुरत नाही, मग ते काळं होऊन बाहेर पडतं. मी गव्हर्नर आणि दांडी यांच्यामधली खीळ काढणार. दांडीला एक छोटी मोटार लावणार, फिरत्या चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर बसवणार आणि मधोमध एक सर्किट. ते सेन्सरला विचारेल, मग मोटारीला सांगेल की डिझेल किती द्यायचं. घाई नाही, घाबरणं नाही.

"वजनं चाळीस वर्षं हेच करतायत," दादा म्हणाला.

"धूरही करतायत."

दुपारी बारा ते चार फेऱ्या नसतात, तेवढ्या वेळात काय ते करायचं आणि चारच्या आत खीळ परत लावायची, या अटीवर परवानगी मिळाली. खीळ तो स्वतःच्या खिशात ठेवतो. माझ्यावर एवढा अविश्वास बरा नव्हे, पण असो.

९ मार्च

सेन्सर बसवला. इंजिन मिनिटाला एक्केचाळीस हजार फेरे घेतंय असं त्याचं म्हणणं. एवढ्या वेगात लाँच एव्हाना आकाशात असायला हवी होती. तारेला कवच नव्हतं, ते घातलं. आता चौदाशे दाखवतो. दादा म्हणाला, "मला विचारलं असतंस तर कानानं सांगितलं असतं."

कानानं! एकतीस वर्षं मी असल्याच लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या.

१३ मार्च

सर्किटला पेटी हवी होती. माझ्याकडे निकामी लिफ्टची एक पेटी होती, मजल्याचा आकडा दाखवणारी, तीच वापरली. आता ती वेग शंभराच्या हिशेबात दाखवते: चौदाशे फेरे म्हणजे १४. आकडा बदलला की टिंग वाजतं, ते काढायला वेळ मिळाला नाही.

पलीकडच्या शाळेतल्या बाई रोज या लाँचनं जातात. वह्या तपासत असतात, पण नजर चौफेर. त्यांनी पेटी पाहिली आणि विचारलं, "नववा मजला कधी येईल हो?" सगळी लाँच हसली. मी लक्ष दिलं नाही. शोध लावणाऱ्याला हे सोसावंच लागतं.

१५ मार्च

पहिला प्रयोग. लाँच धक्क्याला बांधलेली होती, हे त्यातल्या त्यात बरं.

इंजिन सुरू झालं. १२ दाखवलं, टिंग. सर्किटला वाटलं कमी आहे, डिझेल वाढवलं. १७, टिंग. सर्किटला वाटलं फार झालं, डिझेल तोडलं. ८, टिंग. मग १९. मग ६. लाँच दोराला हिसके देऊन पुढे धावायची आणि मागे यायची, आणि टिंगटिंग तर विचारायलाच नको. वहिनी तिकिटांच्या खोलीतून बाहेर येऊन कपाळाला हात लावून उभी राहिली. दादा शांतपणे शेंगा खात होता.

चूक माझीच आहे. मी सर्किटला तिखट स्वभावाचं केलं. लिफ्ट जड असते, तिला तिखट लागतं. पाण्यावर मवाळ पाहिजे.

१९ मार्च

मवाळ केलं. आता एका आकड्यावर ठरतं.

दादानं आज पहिल्यांदा माझ्या कामात रस घेतला. विचारलं, "हे तुझं डबडं मध्येच बिघडलं तर?"

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. म्हटलं, बिघडायची वेळच येत नाही, नुसती शंका आली तरी ते इंजिन बंद करतं. सेन्सरची तार सुटली, बंद. वीज कमी पडली, बंद. दांडी सांगितल्या जागी गेली नाही, बंद. अशा अकरा शंका घातल्या आहेत. शिवाय दांडीला लिफ्टच्या ब्रेकची स्प्रिंग लावली आहे. मोटारच मेली तर स्प्रिंग दांडी मागे खेचून डिझेल तोडते. एकतीस वर्षांत माझ्या एकाही लिफ्टमध्ये कुणाला खरचटलं नाही, ते याच नियमामुळे.

"म्हणजे थांबतं."

"जागच्या जागी."

"जागच्या जागी," दादा म्हणाला आणि बराच वेळ नदीकडे बघत बसला. खालच्या अंगाला जुन्या बंधाऱ्याचे दगड पाण्याबाहेर दिसतात, तिकडे. मला वाटतं, भारावला असावा.

२१ मार्च

दादानं बाजारातून नायलॉनची बारीक दोरी आणि एक लोखंडी आकडा आणला. सुकाणूजवळच्या फळीला भोक पाडून दोरी खाली इंजिनाकडे सोडली. विचारलं तर म्हणाला, "फडकी वाळत घालायला." इंजिनाची उष्णता वाया जाऊ नये हा विचार चांगला आहे. त्याच्याकडून अपेक्षा नव्हती.

२४ मार्च

आज धुराची घरगुती परीक्षा. धुराच्या नळीसमोर पांढरं फडकं धरायचं, ते किती काळं होतं ते बघायचं. फडकं मिळेना, म्हणून माझा बनियन धरला. खीळ लावून, म्हणजे गव्हर्नरवर: बनियनचा समोरचा भाग गेला. खीळ काढून, म्हणजे माझ्या पेटीवर: पाठीचा भाग, फिकट राखाडी! मी तो बनियन हातात उंच धरून धक्क्यावर धावलो. लोकांना काय वाटलं असेल याची पर्वा केली नाही.

दादा म्हणाला, "बरंय."

दादानं आयुष्यात दोनदाच 'बरंय' म्हटलं आहे. पहिल्यांदा लग्नाच्या वेळी मुलगी बघून आल्यावर.

आज दोन वेळा वाढून घेतलं. वहिनी म्हणाली, "किती महिन्यांनी." कशाला किती महिन्यांनी, ते विचारायचं राहिलं.

२७ मार्च

इंजिन विकणारा एक गृहस्थ आला होता, हातात रंगीत पुस्तिका. वहिनीनं त्याला बाजूला नेलं, पण माझे कान तीक्ष्ण आहेत. तो म्हणत होता, "अहो, फेब्रुवारीत तर तुम्ही नक्की म्हणाला होतात. मी इंजिन आणून ठेवलंय." वहिनी म्हणाली, "आता नको. दुसरं गिऱ्हाईक असेल तर देऊन टाका."

विक्रेते काहीही ठोकून देतात. पण वहिनीचा माझ्या पेटीवर एवढा विश्वास बसलाय हे ऐकून ऊर भरून आला. डोळ्यांतही पाणी आलं, पण धक्क्यावर धूर बराच असतो.

१ एप्रिल

आजपासून सगळ्या फेऱ्या माझ्या पेटीवर. खीळ काढून ठेवली. पेटीला आतापर्यंत एकही शंका आलेली नाही. दादा सुकाणूवर उभा राहताना हल्ली उजव्या पायातली चप्पल काढतो. वय झालं की पाय गरम होतात म्हणे. दोरीवर एकही फडकं अजून दिसलं नाही.

१० एप्रिल

आजचं आजच लिहिलं पाहिजे.

तपासनीस साहेब दहाला आले. पांढराशुभ्र शर्ट, हातात धुराचं मीटर. त्यांनी मीटरची नळी धुराच्या नळीत खुपसली आणि भरल्या लाँचनं नदी पार करायला सांगितलं. चाळीस माणसं चढली. बाई पुढच्या बाकावर वह्यांसकट. काठ सोडताना इंजिनावर भार आला आणि धूर किती? नाहीच! साहेबांनी मीटर झटकून पुन्हा पाहिलं. म्हणाले, "उत्तम आहे की!" मी पेटीशेजारी उभा होतो. माझे पाय जमिनीवर नव्हते. तसे ते नव्हतेच म्हणा, पाण्यावर होतो.

मधोमध आलो, पाणी उडालं आणि सेन्सरच्या तारेवर पडलं. क्षणभर सेन्सर मुका झाला. शंका क्रमांक चार.

टिंग. पेटीवर ० आलं. तळमजला. इंजिन बंद.

एकदम शांत झालं. लोक माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी काय बोलायचं ते मी एकतीस वर्षं बोलत आलोय, तोंड आपोआप उघडलं. म्हणालो, "घाबरू नका. सगळं सुरक्षित आहे. आपण थांबलो आहोत."

"थांबलो कुठे?" बाई ओरडल्या. "चाललोय आपण!"

मी काठाकडे पाहिलं. काठावरची झाडं सरकत होती. आमचा धक्का मागे पडत होता, आणि बंधाऱ्याचे दगड, जे नेहमी लांब दिसतात, ते मोठे मोठे होत होते. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लिफ्ट थांबली की दोन मजल्यांच्या मध्ये लटकून राहते. नदीत मजले नाहीत. एकतीस वर्षांची अक्कल पणाला लावून मी अकरा वेगवेगळे मार्ग शोधले होते, चाळीस माणसांना दगडांवर नेऊन आपटायचे. मी पेटीवर बुक्क्या मारल्या. ती टिंग म्हणाली.

दादानं मागे वळूनही पाहिलं नाही. डावा हात सुकाणूवर, उजव्या हातानं त्यानं स्टार्टर दाबला, आणि उजवा पाय मागे ओढला. पायाच्या अंगठ्याला ती नायलॉनची दोरी होती. दोरीचा आकडा माझ्या दांडीच्या टोकात अडकवलेला होता. स्प्रिंग ताणली गेली, दांडी पुढे आली, इंजिन धडाडलं. मागून काळा ढग उठला तो थेट साहेबांच्या शर्टावर. दगडांपासून तीन-चार लाँचइतक्या अंतरावर आम्ही वळलो. उरलेली नदी दादानं पायाच्या अंगठ्यावर पार केली.

धक्क्याला लागल्यावर साहेब चेहरा पुसत म्हणाले, "पहिल्या निम्म्या नदीत पास आहात. दुसऱ्या निम्मीत मी बुडता बुडता वाचलो. चोवीस तारखेला परत येईन. शेवटची संधी."

फडकी वाळत घालायला! आणि मी ते लिहूनही ठेवलंय, वर, एकवीस तारखेला.

११ एप्रिल

सकाळी दादाशी भांडलो. म्हटलं, "एकोणीस तारखेलाच तुला कळलं होतं. दहा दिवस पायाला दोरी बांधून उभा राहिलास, पण मला सांगितलं नाहीस. मी काय एवढा मूर्ख वाटलो तुला?"

दादा इंजिन पुसत होता. म्हणाला, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काम बंद केलं असतं."

"आणि परत जाऊन पलंगावर बसला असतास. भिंतीकडे तोंड करून." फडकं पिळत म्हणाला, "तीन महिने बघितलंय आम्ही. तुझी वहिनी ताट घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची. पत्र येण्याआधीच नवं इंजिन सांगून ठेवलं होतं. ही म्हणाली, ते राहू दे, आधी त्याला उठवू."

"मग आता आणा ते इंजिन!"

"ते गेलं. त्यानं दुसऱ्याला दिलं."

म्हणजे परवाना आता पूर्णपणे माझ्या या डबड्यावर, आणि तो दादानं जाणूनबुजून माझ्या हवाली केला. मला राग आला होता, पण कुणाचा तेच ठरेना. धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि रडलो. धूर नव्हता. आजची पहिली फेरी सुटायची होती.

१७ एप्रिल

पाच दिवस लिहिलं नाही. स्प्रिंग काढली. अकरापैकी दहा शंका बदलल्या. आता शंका आली की दांडी जिथे असेल तिथेच राहते, इंजिन चालू राहतं, फक्त घंटा वाजते आणि पुढचं माणसानं बघायचं. त्यासाठी दोरीच्या जागी नीट हातात बसणारी एक मूठ लावली. इंजिन बेफाम धावलं तरच बंद, ती एकच शंका जुनी ठेवली. सेन्सरची तार रबरी नळीत घातली, आणि रबरी नळी आणखी एका रबरी नळीत.

मुठीनं दांडी हलवायची तर वेग कळायला हवा. दादानं तीन दिवस मला पेटीकडे पाठ करून बसवलं. "सांग, किती?"

"अकराशे?"

"कान धुतोस ना रे?"

आज पाचपैकी चार बरोबर आले.

२४ एप्रिल

साहेब आले. या वेळी शर्ट काळा. चाळीस माणसं चढली. मागच्या वेळचीच होती. त्यांच्या धैर्याला माझा नमस्कार. बाई म्हणाल्या, "पोहायला शिकून आलेय."

ठरलं असं होतं की घंटा वाजली तर दादा मूठ धरेल, मूठ त्याच्या हाताशी होती. मी पेटीजवळ.

मधोमध आल्यावर घंटा वाजली. वीज कमी पडली होती, बॅटरीची एक तार ढिली. इंजिन चालूच होतं, पण नदीचा प्रवाह वाढला तसं दबायला लागलं. मी दादाकडे पाहिलं. तो दोन्ही हातांनी सुकाणू धरून समोर बघत होता.

"दादा! मूठ!"

"वाजतंय ते तुझं आहे," तो म्हणाला.

मी उडी मारून मूठ धरली. डोळे मिटले. आवाज जड येत होता, थोडं दिलं. अजून थोडं. एकदम दिलं असतं तर धूर झाला असता, हे मी दीड महिना सगळ्यांना सांगत आलो होतो, आज पहिल्यांदा ते हातानं केलं. चौदाशे. पेटीकडे न बघता चौदाशे. पलीकडचा धक्का लागेपर्यंत मूठ सोडली नाही.

साहेबांनी मीटर पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "ती घंटा कसली होती?"

"मधली सुट्टी," बाई म्हणाल्या.

साहेबांनी सही केली. परवाना मिळाला. दादानं तो खिशात घातला आणि इंजिनावरचं झाकण पुसायला घेतलं. पुसून झाल्यावर तिथेच दुसऱ्यांदा पुसलं.

२९ एप्रिल

दादाची कंबर धरली. सकाळी अंथरुणातून कण्हत म्हणाला, "आठवडाभर तरी उभं राहवणार नाही. सुकाणू आणि इंजिन, दोन्ही तुलाच बघावं लागेल." वहिनी म्हणाली, "डॉक्टर येऊन गेले हो. सक्त आराम सांगितलाय." डॉक्टर कधी आले कोण जाणे. मी पहाटेपासून दारातच पेटीच्या तारा तपासत बसलो होतो.

पहिली फेरी केली. दुसरी केली. दुसऱ्या फेरीत मधोमध असताना सहज मागे वळून धक्क्याकडे पाहिलं. दादा धान्याचं पोतं पाठीवर घेऊन ताठ चालत होता. ते ठेवून त्यानं दुसरं उचललं. मग लाँच परत फिरलेली दिसली तसा पोतं टाकून घराकडे धावला. चांगला धावला.

घरी गेलो तर पांघरूण घेऊन पडलेला, कपाळावर घाम.

"फार दुखतंय का?" मी विचारलं.

"विचारू नकोस."

"मग आठवडा नको, पंधरा दिवस पडून राहा. घाई करू नको. मी आहे."

"बरंय," दादा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं, पण त्याचे खांदे हलत होते. दारात वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. दादाला वाटतं, मला काही कळलेलं नाही. तसंच वाटू दे. बाराची फेरीही आजपासून सुरू केली आहे, माणसं धक्क्यावर उभी आहेत, मला गेलं पाहिजे.